आर्गनला वारा सोसत नाही

मे महिन्यात लातूरमधलं माझं दुकान बघायला या. दुकान म्हणजे पत्र्याची शेड. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी छताकडे बघतं. तिथे पंखा आहे. मग ते भिंतीवरचं बटण शोधतं, तर बटणावर मी चिकटपट्टी मारून ठेवली आहे. मग ते माझ्याकडे बघतं, आणि हा माणूस इतका चिक्कू असेल असं चेहऱ्यावरून वाटलं नव्हतं, असा भाव त्याच्या डोळ्यांत येतो. हा क्षण मला फार आवडतो. मी मुद्दाम थोडा वेळ गप्प बसतो. गप्प बसणं मला एरवी जमत नाही, त्यामुळे हा माझ्यासाठी मोठाच नाट्यप्रयोग असतो.

मी आर्गन वेल्डिंग करतो. स्टीलचे जोड, आणि आपल्याकडे ज्याला सगळे जर्मन म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियमचे जोड. डाळमिलवाल्यांचे हॉपर येतात, डेअरीच्या टाक्या येतात, शिकवणीला आलेल्या पोरांच्या मेसची पिचलेली पातेली येतात. काम शिकलो नांदेडला, दुकान टाकलं लातूरला. बोलायला कुठे शिकलो हे बायकोला विचारलं, तर ती म्हणते की ते शिकून पोटातूनच आलेत, म्हणून तर सासूबाईंना तुमच्या वेळी एवढा त्रास झाला.

गिऱ्हाईक घामाने पुरेसं भिजलं, की मी माझं व्याख्यान सुरू करतो. आत्ता तुम्ही आत काय घेतलंत, असं विचारतो. बिचारा दचकतो, खिसे चाचपतो. मग मी सांगतो की श्वास घेतलात, आणि त्यात काय काय होतं ते सांगा बघू. ऑक्सिजन सगळ्यांना येतो. नायट्रोजन बहुतेकांना येतो, खतामुळे. धूळ आणि डिझेलचा धूरही लोक मोजतात. पण शंभरात जवळपास एक भाग असलेल्या आर्गनचं नाव कुणीही घेत नाही. कार्बन डायऑक्साइडची एवढी बोंबाबोंब चालते, तो आर्गनपुढे चिमूटभरही नाही. तरी आर्गनला कुणी विचारत नाही, कारण तो काही करतच नाही. आत जातो, तसाच बाहेर येतो. शास्त्रज्ञांनाही तो फार उशिरा सापडला, आणि सापडल्यावर त्यांनी त्याचं नाव ठेवलं ते ग्रीक भाषेतल्या ‘आळशी’ अशा अर्थाच्या शब्दावरून.

लग्नात असा एक पाहुणा असतोच. तो मुलाकडचा की मुलीकडचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. तो वाढायला उठत नाही, मानपानावरून रुसत नाही, कुणाच्या भांडणात पडत नाही. भिंतीला टेकून बसतो, जेवतो आणि जातो. फोटोतही येत नाही. मला कामाला नेमका असलाच पाहुणा लागतो. जर्मन वितळलं की हवेतला ऑक्सिजन धावत येतो आणि त्याच्या गळ्यात पडतो. मग जोड काळा होतो, आतून जाळीदार होतो. म्हणून टॉर्चच्या तोंडातून आर्गन सोडायचा. तो वितळलेल्या धातूभोवती ऐसपैस बसकण मारतो आणि दुसऱ्या कुणाला जागाच देत नाही. हवा गारठवून गारठवून तिच्यातून वेगळा काढलेला हा वायू आम्ही हवेलाच अडवायला बसवतो. फक्त त्याला उठवायला फार जोर लागत नाही. जराशी झुळूक आली तरी तो निघून जातो. म्हणून पंखा बंद.

हे व्याख्यान मी आजवर असंख्य लोकांना ऐकवलं आहे. एकाच माणसाला ते वेळेवर ऐकवायचं राहून गेलं.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी दारात छोटा हत्ती टेम्पो येऊन थांबला. मागच्या हौद्यात जर्मनची एक भलीमोठी डेग होती, आणि तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती. पांढरं स्वच्छ लुगडं, कपाळ मोकळं, आणि हातात डेगीचा कान. बाजारात हट्टी पोराचा हात धरावा तसा तिने तो धरला होता. पुढच्या सीटवरून तिचा नातू उतरला. तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, नांदेडला सरकारी नोकरीत असलेला. देवणीकडच्या एका गावातून ते आले होते. येत्या रविवारी नातवाच्या बहिणीचं लग्न होतं, आणि या डेगीत वरण शिजायचं होतं. डेग बुडाशी तडकली होती.

म्हातारीला मी स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. नातवाने मला हळूच बाहेर लिंबाखाली नेलं.

“मिस्तरी, एक काम करा,” तो म्हणाला, “होत न्हाई म्हणून सांगा.”

मी म्हणालो की दादा, अजून मी बघितलंही नाही.

त्याचं म्हणणं असं होतं की डेग जुनी झाली आहे, केटरर स्वयंपाकासोबत भांडी देतो, सगळं ठरलं आहे, संध्याकाळी त्याला पक्कं सांगायचं आहे. नवरदेवाकडचे लोक नांदेडहून येणार. वरण पंगतीत जाण्याआधीच चुलीत गेलं, तर बहिणीला जन्मभर ऐकावं लागेल. डेग साऱ्या वस्तीची, म्हणून त्याने वस्तीतल्या पोरांचंही मन वळवलं होतं. आज डेग झाली तर झाली, नाही तर लग्नानंतर मोडीत. पण हे आजीला सांगायची छाती कुणाचीच नव्हती. “तुम्ही मिस्तरी माणूस. तुम्ही न्हाई म्हणलात की ती ऐकंल. माझं ती काय ऐकत न्हाई, मी तिच्यासाठी अजून चड्डीतच हाय.”

पोरगा वाईट नव्हता. बहिणीच्या काळजीने बोलत होता. मी बघतो म्हणालो आणि आत आलो.

आत म्हातारी डेगीला पाठ टेकून बसली होती. मी तडा बघत होतो आणि ती सांगत होती, मी विचारलेलं नसताना. हा स्वभाव मला ओळखीचा वाटला. तिचं लग्न झालं तेव्हा वस्तीकडे मोठं भांडं नव्हतं. गावाची भांडी देवळात असत, पण ती वस्तीला मिळत नसत. अशी भांडी आमच्याही गावात होती, त्यामुळे पुढचं काही मला विचारावं लागलं नाही. तिच्या लग्नाचा भात घराघरातल्या लहान लहान पातेल्यांत शिजला होता. एका घरचा करपला, एका घरचा कच्चा राहिला, आणि पाहुण्यांच्या ताटात दोन्ही आले. ते तिच्या नवऱ्याच्या मनाला लागलं. पुढे वस्तीने मिळून ठरवलं, आणि तो नांदेडच्या बाजारात जाऊन ही डेग घेऊन आला, एसटीच्या टपावर बांधून.

ही त्याला घ्यायला फाट्यावर गेली होती. फाट्यावरून गाव लांब. बैलगाडी मिळाली नाही. मग त्याने डेग उलटी करून डोक्यावर घेतली. ती खांद्यापर्यंत उतरली. आतून त्याला पायाखालची वाट तेवढी दिसे, पुढचं काही नाही.

“मी म्होरं चालले, बोलत,” ती म्हणाली. “माझ्या आवाजावर त्यो मागं. आता नवी नवरी मी, सासरी तोंड उघडत नव्हते. त्या दिशी फाट्यापासून वस्तीपतूर बोललेच बोलले. काय बोलू, काय न्हाई. माझ्या मायची म्हैस सांगितली, भावाचं सांगितलं, समदं. थांबले की डेगीतून आवाज यायचा, बोल की, बोल की.”

ती हसली, आणि मग हसू आवरून मला विचारलं, “व्हतंय का?”

नातू दारात उभा होता. माझ्याकडे बघून त्याने डोळ्यांनीच नाही अशी खूण केली.

मी म्हणालो, होतंय.

आता यात थोरपणा काही नव्हता. तडा खरोखरच साधा होता, बोटभर लांब. आणि इतकं चांगलं ऐकल्यावर खोटं बोलायला मला जरा वेळ लागतो, तेवढ्यात खरं तोंडातून निघून गेलं.

मी तडा घासून चकचकीत केला, दोघांना बजावलं की माझ्या कामाकडे बघू नका, उजेडाने डोळे जातील. म्हातारीला माझ्या मागे, भिंतीशी, स्टुलावर बसवलं. तिने पदर ओढून डोळे झाकले. नातू फोन घेऊन बाहेर गेला. मी मुखवटा ओढला आणि टॉर्च पेटवली. जर्मनला वेल्डिंग करताना मोठा भुंगा डब्यात कोंडल्यासारखा आवाज येतो. मला तो आवडतो. त्या दिवशी काम करताना बरंही वाटत होतं. मानेवरचा घाम गार लागत होता. मी मनाशी म्हणालो, वय वाढलं तसा उन्हाळा सोसायला लागलाय.

मुखवटा वर केला तर जोड काळा. नुसता काळा नाही, चाळणीसारखा भोकाभोकांचा.

असं माझ्या हातून कधी होत नाही. म्हणजे होतं, पण गिऱ्हाइकासमोर नाही. मी विचार केला की जुनं भांडं आहे, वर्षानुवर्षांची फोडणी धातूत मुरली असणार. म्हातारीला तसं सांगितलं. ती म्हणाली, मुरणारच, तेल कधी कमी घातलं न्हाई. मी जोड घासून काढला, ती जागा बर्नरने तापवून तेलाचा धूर होईपर्यंत भाजली, पुन्हा घासली. पुन्हा मुखवटा ओढला, पुन्हा भुंगा, पुन्हा मानेवर ती गार गार सुखद जाणीव.

पुन्हा काळा.

आता मला राग आला. मी सिलिंडरवाल्याला फोन लावला आणि तुझ्या बाटलीत आर्गन आहे की गावची हवा भरलीस, असं विचारलं. बराच वेळ विचारत होतो. तो शपथा घेत होता. इकडे नातू आत आला, त्याने जोड बघितला, आणि सभ्यपणे पुन्हा फोनमध्ये बघू लागला. पण दोनदा घासून बुडाचा पत्रा कागदासारखा पातळ झाला होता. आणखी एकदा वाया गेलं की घासायला काही उरणार नव्हतं. म्हातारीने उठून त्या जागेवर बोट फिरवलं. बोट आरपार जाईल की काय अशा बेताने फिरवलं.

“न्हाई व्हत का, बाबा?” तिने विचारलं. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

मी तिसऱ्यांदा तयारी केली. नव्या पत्र्याचं थिगळ कापलं, तड्यावर बसवलं, कडेला टाका मारायला टॉर्च पेटवली, आणि तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. आमचं घर शेडच्या मागेच आहे. ती दारातच थांबली असावी, कारण चहा आला नाही, आवाज आला. “वा. आज राजाचा थाट आहे. घरी जेवताना माशी बसली तरी आपल्यालाच उडवावी लागते.”

मी टॉर्च विझवली, मुखवटा वर केला आणि मागे वळलो.

म्हातारी एका हाताने डोळ्यांवर पदर धरून बसली होती. दुसऱ्या हातात वेल्डिंगच्या सळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा होता. त्या पुठ्ठ्याने ती मला वारा घालत होती. मन लावून, लयीत, जेवायला बसलेल्या जावयाला घालावा तसा. उजेड बंद झाल्याचा तिला पदराआडून अंदाज आला, तसा तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि पदर काढला. प्रत्येक वेळी हेच झालं असणार. मी काम करतो तोवर वारा, मी वळतो तोवर पुठ्ठा खाली.

बायकोने मला बाहेर बोलावलं आणि पदरात तोंड खुपसून हसली. मग गंभीर झाली. म्हणाली, सांगा त्यांना नीट. ओरडू नका.

मी कशाला ओरडतो? इतक्या वर्षांत लोकांनी या शेडमध्ये मला घाई केली आहे, भाव पाडून मागितला आहे, माझं व्याख्यान मधेच तोडलं आहे. माझ्या अंगावर वारा कुणी घातला नव्हता. ती गावाकडची बाई. काम करणाऱ्या माणसाला घाम आलेला दिसला आणि आपला हात रिकामा असला, तर तिथे वारा घालतात. यात विचारायचं काय?

आता हे सांगायचं कसं? मी एक युक्ती केली. आत येऊन म्हणालो की मावशी, दारातून झळ येतेय, कामावर लागतेय. हा पत्रा तिथे आडवा धरून बसाल का? तिने पत्रा घेतला. दाराकडे तोंड करून ठाण मांडून बसली. दोन्ही हात गुंतले. मी स्वतःवर इतका खूश झालो की आणखी थोडं बोलावं असं वाटलं, आणि तिथेच चुकलो. मी तिला आर्गन सांगितला. आळशी पाहुणा सांगितला. तो कसा बसून राहतो आणि झुळूक आली की कसा उठून जातो, तेही सांगितलं, अभिनयासकट.

ती सगळं शांतपणे ऐकत होती. मी मुखवटा ओढणार, तोच तिने विचारलं.

“वाऱ्यानं जातोय व्हय त्यो?”

“जातो.”

“कसल्याबी?”

“कसल्याही.”

ती पत्र्याकडे बघत राहिली. “मग माझ्यानंच झालं म्हण की. दोन्ही येळा.”

मी ओढायला घेतलेला मुखवटा पुन्हा वर सारला. नातू उठून तिच्याजवळ गेला, पण तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

मी म्हणालो, “मावशी, खरं सांगू? मला वाटलं पाऊस आला.”

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिच्या तोंडाच्या कडेला काहीतरी हललं.

“लईच घाम निघत व्हता तुझा,” ती म्हणाली. “पाहवंना.”

“आता निघू द्या.”

“मार मग. मी आता श्वासबी घेत न्हाई.”

मी म्हणालो, श्वास घ्या, आत जाईल तोही थोडा आर्गनच आहे, त्याला परत सोडा म्हणजे झालं. पण तिला आता माझी चेष्टा ऐकायची नव्हती. तिने नातवाला रुमालाने तोंड पुसायला मनाई केली. बायको राहिलेला चहा घेऊन आत येत होती, तिला हातानेच दारात थोपवलं. लिंबाखाली झोपलेलं कुत्रं शेपटी हलवत आलं, त्यालाही तिने अशी नजर दिली की ते शेपटी खाली घालून परत गेलं. आमची शेड इतकी निश्चल मी कधी पाहिली नव्हती.

मी टॉर्च पेटवली. पातळ पत्र्याला आच जास्त झाली तर तो एका क्षणात लोळागोळा होऊन खाली पडतो, म्हणून थोडं थोडं, थांबत थांबत गेलो. मान तापली, पाठीवरून घामाचे ओघळ गेले, मुखवट्याची काच आतून धुरकट झाली. इतका उकाडा होता की मला खात्रीच पटली, आर्गन जागेवर बसला आहे. थिगळाची एक बाजू झाली, कोपरा आला, कोपऱ्यावर पत्रा क्षणभर थरथरला, मी आच कमी केली, आणि तो सावरला. मग दुसरी बाजू, तिसरी. शेवटच्या टोकाला टॉर्च विझवल्यावरही मी ती तशीच धरून ठेवली. आर्गन थोडा वेळ वाहत राहतो, गरम जोड निवेपर्यंत त्यावर बसून राहतो. एवढं काम मात्र तो न सांगता करतो.

मुखवटा वर केला. जोड पांढरा होता, चकचकीत, माशाच्या खवल्यांसारखा एकावर एक बसलेला.

पण दिसायला चांगला म्हणजे न गळणारा असं नसतं. हे मला माहीत होतं, आणि म्हातारीलाही माहीत होतं, कारण तिने जोडाकडे एकदा बघून फक्त “पाणी आणा” एवढंच म्हटलं. डेग विटांवर ठेवली. खाली फरशी कोरडी पुसली. बायकोने आणि मी बादल्या आणून ओतल्या. काठोकाठ भरल्यावर आम्ही चौघे तिच्याभोवती उभे राहिलो. पाणी डुचमळायचं थांबलं.

म्हातारी वाकली नाही. खाली बघितलंही नाही. डेगीच्या कानावर हात ठेवून ती नातवाकडे बघत होती. जिथे ओल आली असती तिथे बघायचं तिने त्याच्यावर सोडलं होतं.

नातवाने शर्टाच्या बाह्या वर केल्या. इस्त्रीचा शर्ट घालून तो माझ्या शेडच्या फरशीवर पालथा पडला, विटांच्या मधून हात घातला आणि बुडावरून तळवा फिरवला. सावकाश, कडेकडेने, थिगळाच्या चारी बाजूंनी. हात बाहेर काढून बघितला. पुन्हा आत घातला, आणि या वेळी बराच वेळ तिथेच धरून ठेवला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. पडल्या पडल्याच त्याने तो दुसऱ्या हाताने काढून कानाला लावला. केटररचा होता. पक्कं सांगा म्हणत होता.

नातवाने आतला तळवा बाहेर काढला. आजीसमोर धरला. कोरडा होता.

“हां, आचारी पाठवा,” तो फोनवर म्हणाला. “भांडं नको. भांडं हाय आमच्याकडं.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “न्हाई, मोठं हाय. वस्तीचं हाय.”

म्हातारीने डेगीच्या कानावरचा हात काढला आणि त्याच हाताने नातवाच्या शर्टावरची माती झटकली.

“त्याला म्हणावं,” ती म्हणाली, “वरणाला हात लावू नको. वरण आमच्या बाया करत्यात. तू नुस्ती बुंदी कर.”